आतून धरलेलं दार

पाऊस मागे सरला आणि माती वरून वाळायला लागली की माझी मान आपोआप खाली जाते. इथे अमरावतीत घरामागच्या बांधाच्या कडेनं, अंबाड्यातला आकडा हातात धरून, मी वाकत वाकत चालते. शेजारणी विचारतात, "काकू, काही पडलं का?" सुरुवातीला मी खरं उत्तर देत असे. पण कोळ्याचं दार शोधते आहे असं सांगितलं की माझ्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच मायेनं होऊ लागते. म्हणून आता मी "हो, कानातलं" एवढंच म्हणते आणि पुढे सरकते.

ही खोड चंदीगडची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही तिथे राहत होतो. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, बदल्या ठरलेल्या. सेक्टर ३९ मधल्या एका संशोधन संस्थेत ते यंत्रांची देखभाल पाहत आणि आम्ही जवळच्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. मी लग्नाआधीपासून अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. पहिल्या बदलीबरोबर ती नोकरी सुटली. मग मी एक बायको, एक आई आणि सामानाच्या पेट्यांवर क्रमांक घालण्यात पटाईत झालेली बाई उरले. शिकवलेलं विसरत चालले होते, याचं मला फार वाईट वाटायचं आणि ते मी कोणाला सांगत नव्हते.

क्वार्टर्सच्या मागे वस्ती संपायची आणि चो लागायचा. चो म्हणजे पावसाळ्यात डोंगराकडून धावत येणारा ओढा. एरवी नुसती कोरडी वाळू. त्याचं पाणी वस्तीत शिरू नये म्हणून काठाला मातीचा बांध घातलेला. सप्टेंबर संपता संपता त्या बांधाला एक वेगळाच रंग चढायचा. वर पिवळट कोरडी साय धरायची, आत ओल शिल्लक असायची. सकाळी हवेत गारवा, संध्याकाळी सप्तपर्णीचा उग्र वास. घरोघरी गच्चीत रजया उन्हाला पडायच्या आणि बायकांच्या हातात लोकरीचे गुंडे यायचे.

त्या दिवसांत मला पहिलं दार दिसलं. खरं तर दार दिसलं नाहीच, रेघ दिसली. बांधाच्या उतारावर, शेवाळाच्या तुकड्यात, नखाच्या कडेसारखी एक बारीक अर्धगोल रेघ. माती वाळताना झाकण किंचित आकसतं आणि कड उघडी पडते, म्हणून तो हंगाम शोधण्याचा. आधी आणि नंतर तुम्ही त्यावर पाय देऊन गेलात तरी कळणार नाही.

हा कोळी हवेत जाळं विणत नाही. मादी बांधात बोटाएवढं बीळ खणते, आतून त्याला रेशमाचं अस्तर लावते आणि तोंडाशी माती नि रेशीम यांचं गोल झाकण बसवते. झाकणाला एका बाजूला बिजागरी. ती दाराआड बसून राहते. बाहेरून किडामुंगी गेली की झाकण उचलून झडप घालते आणि पुन्हा आत. बहुतेक माद्या सगळा जन्म त्याच एका बिळात काढतात. दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या मला याचा हेवा वाटला हे कबूल करते.

बीळ रिकामं आहे की नांदतं आहे हे ओळखायची एक रीत आहे. अंबाड्यातल्या पिनेचं टोक त्या रेघेत घालायचं आणि झाकण अलगद वर उचलायचं. बीळ रिकामं असेल तर ते सहज उघडतं. आत कोणी असेल तर मात्र ते मध्येच अडतं. मादी झाकणाला आतून नख्या रोवते, पाय बिळाच्या भिंतीला टेकवते आणि दार खाली खेचते. तो हिसका पिनेतून बोटात येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी चपापून पीन सोडून दिली आणि मग एकटीच हसत बसले. किती वर्षांनी मला माझं शास्त्र हाताला लागलं होतं.

त्यानंतर रोज दुपारी, जुईला शाळेतून आणल्यावर, मी बांधावर जाऊ लागले. जुई माझी मुलगी, तेव्हा पहिलीत. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. यजमानांनी आधी थट्टेवारी नेलं. "कोळीच पाहायचे तर आपल्या स्वयंपाकघरात काय कमी आहेत? अन् तू तिकडे जाऊन काय करून राहिली?" त्यांच्या थट्टेत काळजी होती. पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस होते ते. सकाळचा पेपर उघडला की कुठल्यातरी बसमधले, कुठल्यातरी बाजारातले मेलेले लोक समोर यायचे. चौकाचौकांत नाके, दिवस मावळला की दारांना कड्या. शाळेत मुलांना रोज बजावलं जायचं, बेवारस डबा, ट्रान्झिस्टर, पिशवी, कशालाही हात लावायचा नाही. मीही जुईकडून ते पाठ करून घेतलं होतं.

शेजारच्या बीजी, एक वयस्क शीख बाई, कधीकधी माझ्याबरोबर यायच्या. त्यांचा मुलगा सेक्टर ३४ मधल्या एका ऑफिसात होता. पगडीवाला तरुण मुलगा स्कूटरवरून घरी येणार म्हणजे वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर उतरणार, हात वर करणार, डिकी उघडून दाखवणार. तो घरी पोचेपर्यंत बीजींचा जीव थाऱ्यावर नसायचा. घरात बसवत नाही म्हणून त्या विणकाम घेऊन बांधावर यायच्या. "की लब्भदी ऐं, पुत्तर?" त्यांनी विचारलं, काय शोधतेस म्हणून. मी त्यांच्या हातात पीन दिली. दाराचा हिसका बसला तशी त्यांनी पीन हळूच बाहेर काढली. मग म्हणाल्या, "एहनूं वी डर लगदा होऊ." हिलाही भीती वाटत असणार. मी शास्त्र शिकलेली बाई. कोळ्याला भीती वगैरे वाटते असं मी म्हणणार नाही. पण त्यांना मी दुरुस्त केलं नाही.

त्या पहिल्या दाराच्या मादीकडे पिल्लं होती. एकदा तिनं झाकण जरासं उचललेलं असताना कवडशात मला ती दिसली, तिच्या मागे बिळाच्या भिंतीला चिकटलेली, राजगिऱ्याच्या दाण्यांएवढी, हलणारी. आमच्या पुस्तकात यावर एकच ओळ होती: पिल्ले काही काळ आईच्या बिळात राहतात व नंतर बाहेर पडतात. म्हणजे कधी? सगळी एकदम की एकेक? लांब जातात की आईच्या उंबऱ्याशीच आपलं दार मांडतात? मला ते बघायचं होतं. बदलीचा हुकूम कधीही येईल हे माहीत होतं, त्याआधी एवढी एक गोष्ट शेवटपर्यंत बघायची होती. जन्मात पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं होतं.

आणि नेमकं तेव्हाच चोवरच्या पुलाशी नाका बसला. निमलष्करी दलाचे जवान आले, तंबू लागला, वाळूच्या पोत्यांचा मोर्चा, म्हणजे गोळीपासून आडोसा देणारी भिंत, उभा राहू लागला. वाळूची पोती म्हणतात, पण चोची वाळू पोत्यातून गळते. त्यांना जरा बांधीव माती हवी होती आणि ती सर्वांत जवळ मिळत होती आमच्या बांधात. रोज बांधाचा एक लचका जायचा. मी लांबून पाहत होते. माझं दार आणि त्यांचं फावडं यांच्यामध्ये अंगणाएवढीही जागा उरली नाही, तेव्हा मी सरळ नाक्यावर गेले.

"भैया, यहाँ की मिट्टी मत निकालो ना," मी माझ्या वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत सुरुवात केली.

तिथल्या हवालदारानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "बाई, कुठल्या वो तुम्ही?"

"अमरावतीची."

"तरीच! मी जाधव, कराडचा. हितं येऊन वरीस झालं, मराठीत कुणी भांडायला पण भेटलं न्हवतं."

"मग आता भांडा," मी म्हटलं.

मी त्यांना बांधावर नेलं, वाकायला लावलं, पीन घालून झाकण उचललं. मादीनं ते खाडकन खाली ओढलं. जाधव हवालदार चार हात मागे. "आयला!" मग लगेच, "माफ करा बाई. गोळीला भीत न्हाई, पर ह्या जातीला आपला लांबनं रामराम."

मी पिल्लांचं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वरनं हुकूम हाय, मोर्चा छातीएवढा न्यायचा. माती तर लागणारच. मी हाय तवर हितं फावडं लागू देत न्हाई. पर माझी पाळी संपली की दुसरी पोरं येत्यात, त्यास्नी हे भोक कळायचं न्हाई. तुम्ही असं करा, लांबनं ठळक दिसंल असं कायतरी ठिवा त्याच्यावर."

घरी येऊन मी विचार केला. काठी रोवली तर कोणी उपटेल, दगड ठेवला तर झाकण चेपेल. वरून पालथं घालता येईल, खाली पोकळ राहील आणि उन्हात चमकेल असं काय? मांडणीवर समोरच होता, माझ्या आत्यानं लग्नात दिलेला स्टीलचा डबा. मी तो बांधावर नेऊन दारावर पालथा घातला, वाऱ्यानं उडू नये म्हणून निम्मा मातीत दाबला आणि भोवती ओली माती लिंपून दिली. काम झक्क झालं होतं. रस्त्यावरूनही चकाकताना दिसत होता. जुईकडून बेवारस डब्यांचं रोज पाठ करून घेणारी मी, माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. कारण तो डबा बेवारस नव्हता, माझा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिट्ट्या वाजू लागल्या. पुलाचा रस्ता बंद. जीपवरच्या भोंग्यातून सगळ्यांना घरात जायला सांगत होते, म्हणून सगळे गच्चीत गेले. बीजी माझ्या शेजारी कठड्याला धरून उभ्या, तोंडानं नामस्मरण चाललेलं. जवान बांधापासून लांब, अर्धवर्तुळात आडवे पडलेले, आणि सगळ्यांच्या नजरा उन्हात चमकणाऱ्या एका गोष्टीवर. मी कपाळावर हात मारला आणि जिना उतरत सुटले.

यजमान स्कूटरसह नाक्याच्या दोराशीच अडकले होते. मला पाहून म्हणाले, "तू काहून आलीस? घरात जा. बॉम्ब सापडला म्हणतात."

"बॉम्ब नाही तो. डबा आहे. आपला."

"कोणता डबा?"

"आत्याचा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अन् आत्याचा डबा तिथं काय करून राहिला?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. डबा तिथल्या तिथे उडवून द्यायची बोलणी चालली होती. मी दोराखालून वाकून तिथल्या तरुण अधिकाऱ्यापर्यंत गेले. त्यांनी हात आडवा केला. "मैडम, पीछे जाइए."

"वो मेरा डिब्बा है."

"आपका? वहाँ किसने रखा?"

"मैंने."

"क्यों?"

"नीचे मकड़ी है. उसके बच्चे हैं."

अधिकाऱ्यानं जवळच्या जवानाकडे पाहिलं, जवानानं माझ्याकडे. नशिबानं जाधव हवालदार तंबूतून धावत आले, अंगात नुसता बनियन. त्यांनी सलाम ठोकला. अधिकाऱ्यानं दुर्बीण डोळ्यांना लावून विचारलं, "इस पर कुछ लिखा है. क्या लिखा है?"

मी सरळ उभी राहून म्हणून दाखवलं. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सुनंदा हिस लग्नानिमित्त सप्रेम भेट. आत्या, मोर्शी."

"साब, हमारे उधर बर्तन पे नाम डालते हैं," जाधव म्हणाले. "शादी का बर्तन हो तो पूरा खानदान लिखा रहता है. बम बनानेवाला आत्या का नाम नहीं लिखेगा, साब."

अधिकारी हसले नाहीत. त्यांचं काम हसण्याचं नव्हतं. एक जवान सरपटत गेला, लांब दोरीचा आकडा डब्याच्या काठाला अडकवून परत आला आणि मग दोरी खेचली. डबा उडाला, उतारावरून ठणठणत खाली आला आणि वाळूत थांबला. बाकी काही झालं नाही. गच्च्यांवर हशा पिकला, बीजींचा "वाहेगुरू" मला खालपर्यंत ऐकू आला. मी मात्र बांधाकडे बघत होते. डब्याबरोबर मातीचा केवढा तुकडा निघाला, हे तिथून दिसत नव्हतं.

अधिकारी माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मैडम, आज आपका डिब्बा था. कल किसी और का होगा." त्यांनी तिथेच हुकूम दिला, नाक्यालगतचा सगळा बांध उद्यापर्यंत सपाट करा, लपवायला जागाच नको. मी मादीला काढून घ्यायला थोडा वेळ मागितला. नाही म्हणाले; बांधावर आता कोणीही नागरिक जाणार नाही. त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि म्हणूनच भांडता येत नव्हतं. जाधव हवालदारांनी कानाशी येऊन सांगितलं, "बाई, जमलं तर तेवढं ढेकूळ बाजूला काढतो. हात न लावता."

पण ते जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा द्यायला दाराशी आले. डब्याला एका बाजूला मोठा पोचा पडला होता. "समदं पोत्यात गेलं, बाई," ते म्हणाले. "पोरांनी उजाडायच्या आत उरकलं. मी पोचलो तवर बांधच न्हवता."

मी रडले. स्वयंपाकघरात, तो डबा धुता धुता, अगदी हुंदके देऊन. यजमानांनी त्या दिवशी थट्टा केली नाही, चहा केला. मला स्वतःचीच लाज वाटत होती. त्या दिवसांत रडायला माणसं कमी नव्हती, आणि मी एका कोळ्यासाठी रडत होते. बीजींना तसं म्हटलं, तर त्यांनी सुया थांबवल्या. "रो लै, पुत्तर," रडून घे, एवढंच म्हणाल्या.

मग धुकं आलं. मी बांधाकडे जायचं सोडून दिलं. जायला बांध राहिलाही नव्हता. जानेवारीत तिकडे पडतो तसा बारीक, थंड पाऊस पडला. मोर्च्याची तागाची पोती भिजून काळी पडली, त्यांच्यावर हिरवं शेवाळ आलं, शिवणी उसवून माती बाहेर डोकावू लागली. आमचा बदलीचा हुकूमही आला, हैदराबादचा.

पुढे कित्येक वर्षांनी सगळं निवळलं. नाके उठले, मोर्चे मोडले, आणि आम्हाला दूरवर बसूनही हायसं वाटलं. आता जुई तिकडेच, मोहालीला संसार करते. सांगते की चोच्या त्या भागात रुंद रस्ता आणि झाडं आहेत. त्या मोर्च्याची पोती मोडताना कुठे रिकामी केली असतील, हा प्रश्न मला अजून अधूनमधून पडतो. शांतता आली तेव्हा अशी काळजी करणारी मी एकटीच असेन.

काळजीचं कारण असं, की त्याच हिवाळ्यात, रथसप्तमीच्या आधी मी तिळगूळ द्यायला नाक्यावर गेले होते, जुईला घेऊन. तिळगूळ त्याच पोचा पडलेल्या डब्यात होता. जाधव हवालदारांनी लांबूनच हात वर केले. "बाई, डबा आधी तपासावा लागंल!" मग तीळ तोंडात टाकून म्हणाले, "बरं झालं आलात. मी निरोप धाडणारच हुतो. तुमची माणसं आमच्यात ऱ्हायला आल्यात."

मला कळेना. त्यांनी मोर्च्याच्या कोपऱ्यावरच्या पोत्याकडे बोट केलं. "हितं टेकून हुबा हुतो, तर कोपराशी कायतरी मिटल्यागत झालं."

मी वाकले. उसवलेल्या शिवणीतून आलेली माती उन्हानं वाळत होती आणि त्या मातीवर एक बारीक अर्धगोल रेघ होती. मसुरीच्या दाण्याएवढं झाकण. त्याच्या खाली दुसरं. पलीकडच्या पोत्यावर आणखी. ती तिचीच पिल्लं होती हे मी सिद्ध करू शकत नाही. शास्त्र शिकलेली बाई तसं म्हणणार नाही. पण त्या पोत्यांतली माती कुठली होती ते मला माहीत होतं. पिल्लं पोत्यांबरोबर आली होती आणि कोणाला न विचारता दारं बसवून मोकळी झाली होती.

अंबाड्यातला आकडा फार जाड होता. मी बांगडीतली सर्वांत लहान सेफ्टी पीन काढली. ती मी जुईच्या हातात दिली आणि रेघ दाखवली. तिनं जीभ दातांत धरून टोक आत घातलं आणि झाकण उचललं. जाधव हवालदार रायफल पाठीवर टाकून सुरक्षित अंतरावरून मान लांब करून पाहत होते.

"मम्मी, खाली है," जुई म्हणाली.

मग तिचं बोट थबकलं. तिनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"नहीं मम्मी. अंदर कोई है."